जोड पाहून कुस्ती लावा

प्रति,
कॅपकॉम आणि एसएनके,
ओसाका, जपान

विषय : दोन्ही कंपन्यांच्या पुढच्या एकत्र फायटिंग गेममध्ये बाहेरच्या कोणत्या कंपन्यांचे गडी घ्यावेत याबाबत.

स. न. वि. वि.

हे पत्र मी अमळनेरहून लिहितो आहे. जळगाव जिल्ह्यातलं, बोरी नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. आज जगभर सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी विप्रो १९४५ साली इथेच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. तेव्हा इथून एका गेमच्या कंपनीला पत्र जावं यात कुणाला नवल वाटू नये.

मी सातवी-आठवीत असताना गावात व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. पत्र्याचं शेड, आत तीन मशिनी, दाराला गोणपाटाचा पडदा. एका मशिनीवर मुस्तफा, एकीवर स्ट्रीट फायटर आणि तिसरीवर तुमचा, म्हणजे एसएनकेचा, किंग ऑफ फायटर्स ९७. टोकन एक रुपयाला. तिसऱ्या मशिनीभोवती कायम दहा-बारा पोरं. इओरी यागामीचं नाव पडद्यावर इंग्रजीत यायचं, त्यातलं पहिलं अक्षर आम्ही एल समजायचो, म्हणून खानदेशात तो लोरी झाला आणि आजही लोरीच आहे. त्याचा तो मोठा वार आम्हाला कुणी शिकवला नव्हता. मालेगावहून सुट्टीत आलेल्या एका पोराने तो मारला आणि सगळं दुकान गप्प झालं. मग आम्ही त्याच्या मनगटाकडे बघत बसलो. दांडी खाली, तिरपी, पुढे, तिथूनच उलटी खालून फिरवत पार मागे आणि त्याच क्षणी बटण. आमच्या मशिनीची दांडी डावीकडे अडकायची, त्यामुळे मागचा घेर पूर्ण करायला तळहाताचा जोर द्यावा लागे. अंगठ्याच्या बुडाशी घट्टा पडला होता माझ्या. वार लागला की मागून कुणीतरी ओरडायचं, "हाऊ मना गडी शे, याले कोनी हात लाऊ नका!"

त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसलो आहे. गडी आपला वाटणं म्हणजे काय ते मी त्या शेडमध्ये शिकलो, आणि तुमच्या पुढच्या खेळात कुणाला बोलवायचं हे ठरवताना तुम्ही ते विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

तिसऱ्या 'कॅपकॉम विरुद्ध एसएनके'ची घोषणा मी अजून ऐकलेली नाही. पण तुमची ये-जा सुरू झाली आहे हे सगळ्यांना दिसतं आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये एसएनकेचा टेरी बोगार्ड कॅपकॉमच्या स्ट्रीट फायटर ६ मध्ये आला, २०२५ च्या फेब्रुवारीत माई शिरानुई आली. मग कॅपकॉमचे केन आणि चुन-ली एसएनकेच्या नव्या फेटल फ्युरीत पाहुणे म्हणून गेले. त्याच वर्षी मे महिन्यात कॅपकॉमने आपल्या जुन्या खेळांच्या संग्रहात 'कॅपकॉम विरुद्ध एसएनके'चे २००० आणि २००१ चे दोन्ही भाग पुन्हा बाजारात आणले. घरात रंगकाम निघालं की लोक ओळखतात, कार्य आहे. म्हणून आमंत्रणाची यादी पक्की होण्याआधी हे पत्र.

आमच्याकडे यात्रेत दंगल भरते. कुस्त्यांची. तुम्ही कधी आला नसाल, म्हणून सांगतो. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या होतात, आणि मोठ्या कुस्त्यांची वेळ आली की पंच जोड लावायला बसतात. धुळ्याचा पैलवान, मालेगावचा, बुऱ्हाणपूरचा. नुसतं वजन बघत नाहीत. कोण कोणत्या तालमीतला, कुणाचा पट चांगला, कुणाचा ढाक, कोण उभ्याने लढतो, कोण खाली बसून दम काढतो, हे सगळं बघतात. मग दोघांचे हात धरून वर करतात आणि मातीत एक फेरी मारतात. ती फेरी म्हणजे लोकांना विचारणं असतं. जोड जमली तर टाळ्या पडतात. नाही जमली तर मागून आवाज येतो, "जोड नही बसनी!" आणि पंच मुकाट्याने हात सोडतात. एकदा मोठं नाव असलेला पैलवान आणला होता, त्याच्यासमोर उभा करायला कुणीच नव्हतं. पाच मिनिटांत चितपट झाली. बिदागी घेऊन तो गेला आणि लोक मातीकडे बघत बसले. तशी कुस्ती मला तुमच्या पडद्यावर बघायची नाही.

तुमच्या दोघांची जोड मात्र जन्मापासून बसलेली आहे. १९८७ चा पहिला स्ट्रीट फायटर ज्यांनी आखला ते ताकाशी निशियामा पुढे एसएनकेत गेले आणि १९९१ मध्ये त्यांनी फेटल फ्युरी केला. एकाच वस्तादाच्या दोन तालमी म्हणा ना. एसएनकेचा र्‍यो साकाझाकी आला, तर कॅपकॉमने १९९५ मध्ये त्याला टोमणा म्हणून डॅन हिबिकी उभा केला. ही भांडणं आम्हाला तेव्हा कळत नव्हती, पण त्या भांडणाची ऊब खेळात होती. म्हणूनच दोन्ही कंपन्या एका पडद्यावर आल्या तेव्हा ते चिकटवलेलं वाटलं नाही.

आणि जोड कशी लावायची याची उत्तम रीत तुमच्याकडेच आहे. 'कॅपकॉम विरुद्ध एसएनके'मधला रेशो. प्रत्येकाकडे चार गुण. पहिल्या भागात गड्याचं वजन ठरलेलं होतं, कुणी एकाचा, कुणी दोनचा, कुणी तीन-चारचा. दुसऱ्या भागात ते तुम्ही खेळणाऱ्याच्या हातात दिलं : तीन गडी घे आणि चार गुण त्यांच्यात वाट, नाहीतर एकच घे आणि सगळा जोर त्याच्या मागे लाव. ही तर आमच्या पंचांची बुद्धी. सहा ग्रूव्ह, म्हणजे लढायच्या सहा रीती, देऊन तर तुम्ही तालीमच निवडायला लावली, स्ट्रीट फायटरचा एकच र्‍यू कॅपकॉमच्या पद्धतीने लढवा नाहीतर एसएनकेच्या. पाहुणे वाढवायचे असतील तर रेशो आणि ग्रूव्ह परत आणल्याशिवाय वाढवू नका, कारण बाहेरून येणारा प्रत्येक गडी वेगळ्या मातीत वाढलेला असणार.

आता कोण येऊ शकेल त्याबद्दल.

बांदाई नामको तर येणारच, असं मी धरून चालतो. २०१२ च्या स्ट्रीट फायटर क्रॉस टेकनमध्ये तुम्ही एकत्र होता. त्यांच्या बाजूने जो टेकन क्रॉस स्ट्रीट फायटर येणार होता तो कधी आलाच नाही, म्हणजे एक देणं अजून बाकी आहे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो टेकन ७. २०१७ मध्ये तो घरच्या कन्सोलवर आला तेव्हा त्यात कॅपकॉमचा अकुमा होता, आणि मागोमाग एसएनकेचा गीज हॉवर्ड. टेकनमध्ये माणूस बाजूला सरकून वार चुकवतो, तिथे अकुमा आपले आगीचे गोळे आणि आपली पॉवरची पट्टी घेऊन उतरला. म्हणजे त्यांनी तुमच्या गड्याला त्याची माती सोबत आणू दिली. परतफेड तशीच व्हावी. काझुया किंवा जिनला घेणार असाल तर त्याची लांबलचक मार देण्याची आणि सरकण्याची लकब ठेवा. फक्त चेहरा आणू नका.

सेगाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे अडचणही खरी आहे आणि मजाही. १९९३ चा व्हर्च्युआ फायटर हा त्रिमितीतल्या फायटिंग गेमांचा मूळ पुरुष. त्यातला अकिरा युकी कुणाला गोळा फेकून मारत नाही. हात, कोपर, खांदा, बस. टेकलेल्या पायातून जोर काढून तो खांद्याने जो धक्का देतो, तो पाहिला की मला गावाकडचा म्हातारा पैलवान आठवतो, अंग न हलवता समोरच्याला दोन पावलं मागे ढकलणारा. २०१२ मध्ये अकिरा डेड ऑर अलाइव्ह ५ मध्ये पाहुणा होता आणि शोभला, कारण तिथेही लढाई जवळची आहे. तुमच्याकडे त्याच्यासमोर र्‍यू लांबून हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारे ऊर्जेचे गोळे, टाकत बसला तर अकिरा काय करील? उत्तर एसएनकेच्या घरात आहे. किंग ऑफ फायटर्समधली लोळण अकिराला द्या. गोळ्याखालून लोळत जवळ गेला की पुढचं तो बघून घेईल. र्‍यूला तो जवळ येऊ द्यायचा नाही आणि अकिराला लांब राहायचं नाही, अशी ती जोड. सेगाचा दुसरा गडी काझुमा किर्‍यू. तो फायटिंग गेममधला नाही, याकुझा मालिकेतला, रस्त्यावर सायकल उचलून मारणारा माणूस आहे, पण एसएनकेच्या र्‍युजी यामाझाकीसमोर तो उभा राहिला तर फेरी मारायच्या आधीच टाळ्या पडतील.

स्क्वेअर एनिक्सकडून फायनल फँटसीतली टिफा. १९९८ च्या एरगाइझमध्ये क्लाउड आणि टिफा लढले होते, त्याच मालिकेतले नॉक्टिस आणि क्लाइव्ह टेकनमध्ये जाऊन आले, तेव्हा त्या घरात पाहुणचाराला नाही म्हणत नाहीत. टिफा मुठीने लढते, तिला बसवायला फार कष्ट नाहीत. निन्टेंडोची आशा मी धरत नाही. ती कंपनी सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलावते, स्वतः मात्र दुसऱ्याच्या पंगतीला क्वचितच बसते. २००३ मध्ये सोल कॅलिबर २ ला झेल्डाच्या खेळांमधला लिंक गेला, तोही फक्त तिच्याच गेमक्यूबवर.

एक गडी मात्र मला हवाच आहे, आणि त्याच्यासाठी तुम्हाला अरिका या कंपनीचं दार ठोठवावं लागेल. दारुण मिस्टर. १९९६ च्या स्ट्रीट फायटर ईएक्समधला भारतीय पैलवान, पुल्लुम पुर्णाचा अंगरक्षक. तो खेळ अरिकाने केला होता. ही कंपनी उभी केली अकिरा निशितानी यांनी, स्ट्रीट फायटर २ घडवणाऱ्यांपैकी एक. ईएक्समधले गडी अरिकाचे असल्यामुळे दारुण ईएक्स मालिकेबाहेर कॅपकॉमच्या खेळांत आला नाही. २०१८ मध्ये अरिकाने फायटिंग ईएक्स लेयर काढला, त्यात तो परत दिसला. त्याच्या एका डावाचं नाव ब्रह्मा बॉम्ब आहे. नाव ऐकून इथली पोरं खूश होतील, पण मला त्याच्या हाती आमच्या मातीतले डाव बघायचे आहेत. समोरच्याचा हात बगलेत घेऊन कमरेवरून टाकलेला ढाक. पाठीवरून पुढे फेकणारी धोबीपछाड. खाली बसलेल्याची मान आणि पाय एकत्र बांधून गुंडाळणारी मोळी. पाठीवर बसून घातलेली सवारी. हे डाव खाशाबा जाधवांसारख्या माणसाला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या कांस्यपदकापर्यंत घेऊन गेलेल्या परंपरेतले आहेत. त्यात दिखाऊ काही नाही, आणि पडद्यावर ते स्ट्रीट फायटरमधल्या झांगिएफच्या गरगर फिरण्याइतकेच देखणे दिसतील. त्याची जोड मी लावून ठेवली आहे : एसएनकेचा गोरो दाइमोन. एक मातीतला, एक ज्युदोच्या चटईवरचा. दोघेही जवळ आल्याशिवाय काही करू शकत नाहीत आणि दोघांनाही हातात सापडलं की सोडायचं माहीत नाही.

हे मी यासाठीही सांगतो की १९९१ पासून तुमच्या पडद्यावर भारत म्हणजे स्ट्रीट फायटर २ मधला योगी धालसिम. मी धालसिमवर प्रेम केलं आहे. लांबून हात ताणून मारणं दुकानात सगळ्यात आधी मला जमलं. पण गळ्यात कवट्या, तोंडातून आग आणि मागे हत्ती, एवढाच आमचा देश नाही. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ आहे. त्यांनी २०२० मध्ये राजी नावाचा खेळ काढला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या गोलू या भावाला शोधायला निघते. हातात त्रिशूळ, धनुष्य. भिंतीवरून धावते, खांबाला गिरकी घेऊन वार करते. मधली गोष्ट बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितली आहे. तो एकास एक लढाईचा खेळ नाही हे मला मान्य आहे. तिथे ती गर्दीत लढते, त्यामुळे तिचे वार नव्याने बांधावे लागतील. पण तिचा त्रिशूळ आणि एसएनकेच्या बिली केनची काठी समोरासमोर आणून बघा. दोघांचाही पल्ला लांब, आणि त्या पल्ल्याच्या आत कोण आधी शिरतं यावर कुस्ती. इथून पुणे एका रात्रीच्या गाडीवर आहे. तिथली पोरगी तुमच्या निवडीच्या चौकटीत टेरीशेजारी दिसली तर खानदेशातल्या, विदर्भातल्या किती मुली पहिल्यांदा हातात कंट्रोलर घेतील, याचा विचार करा. माझी भाची आत्ता बारा वर्षांची आहे. मी खेळतो तेव्हा ती शेजारी बसते आणि अजून एकदाही तिने कुणाला 'मना गडी' म्हटलेलं नाही.

रोनाल्डोबद्दलही बोललं पाहिजे. २०२५ च्या एप्रिलमध्ये आलेल्या फेटल फ्युरीत एसएनकेने क्रिस्टियानो रोनाल्डो घेतला. तो थोर खेळाडू आहे, त्याच्या मेहनतीला माझा नमस्कार. पण त्याची जोड कुणाशी लावायची? रॉक हॉवर्ड बापाच्या, म्हणजे गीजच्या, सावलीशी भांडत मोठा झाला, टेरीने त्याला वाढवलं, त्या रिंगणात रोनाल्डो चेंडू घेऊन का उभा आहे याचं उत्तर खेळात सापडत नाही. बाहेरच्या जगात मोठं असलेलं नाव आखाड्यात आपोआप मोठं होत नाही. पुढच्या वेळी ही चूक टाळा, अशी कळकळीची विनंती.

मुस्तफाचं काय, असं इथे मला प्रत्येक जण विचारतो. कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स भारतात त्या नावाने कुणी ओळखत नाही, तो मुस्तफाच. धावत येऊन त्याने हवेत मारलेली लाथ गावोगाव माहीत आहे. पण ती पात्रं मुळात मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकमधली, कॅपकॉमने परवानगी घेऊन वापरलेली. २०१८ मध्ये तुम्ही जुन्या मारधाडीच्या खेळांचा संच काढला तेव्हा फायनल फाइट होता, कॅप्टन कमांडो होता, मुस्तफा नव्हता. परवानगी ही सोपी गोष्ट नाही हे मी जाणतो. तरी एक पत्र त्यांनाही लिहा. २०१५ मध्ये निन्टेंडोने स्मॅश ब्रदर्ससाठी लोकांची मतं मागवली तेव्हा सर्वाधिक मागणी किंगडम हार्ट्समधल्या सोराला होती. त्याच्यामागे डिस्नेसारखी कंपनी, आणि तरी २०२१ मध्ये, सगळ्यात शेवटी का होईना, तो आला. मागणाऱ्यांनी मागितलं म्हणूनच आला ना?

परवानगीवरून आठवलं. २०१३ च्या शेवटी मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम ३ ऑनलाइन दुकानांतून काढला गेला, आणि त्याची अल्टिमेट आवृत्ती प्लेस्टेशन ४ वर परत यायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. मधली तीन वर्षं ज्याला तो डाउनलोड करून घ्यायचा होता त्याने काय करायचं? २०१७ च्या मार्व्हल विरुद्ध कॅपकॉम इन्फिनिटमध्ये एक्स-मेनच नव्हते, ज्यांच्यापासून १९९६ मध्ये 'विरुद्ध'ची ही सगळी मालिका सुरू झाली. म्हणून पाहुण्यांशी करार करताना मुदत मोठी मागा. आम्ही महिनोन् महिने पैसे साठवून खेळ घेतो. तो चार वर्षांनी दुकानातून नाहीसा होणार असेल तर धाकट्या भावाला तो दाखवायचा कसा?

आणि जो गडी डिस्कवर आहे तो कुलपात ठेवू नका. स्ट्रीट फायटर क्रॉस टेकनमध्ये बारा गडी डिस्कवर आधीच होते आणि ते उघडायला वेगळे पैसे मागितले. मी तेव्हा नोकरीला नव्याने लागलो होतो. पहिल्या पगारातून ती डिस्क घेतली होती. विकलेल्या घरातली एक खोली बंद ठेवून तिचं भाडं मागितल्यासारखं वाटलं. नंतर नव्याने बनवलेल्या गड्याचे पैसे घ्या, आम्ही देऊ. त्यात माणसांचे कष्ट असतात.

शेवटचं, नेटचं. एसएनकेने २०२२ च्या किंग ऑफ फायटर्स १५ मध्ये रोलबॅक, म्हणजे नेटवर खेळताना उशीर जाणवू न देणारी सोय, दिला, स्ट्रीट फायटर ६ मध्येही तो आहे, आणि त्यामुळेच मी आज अमळनेरमधून पुण्यातल्या मित्राशी इओरी घेऊन लढू शकतो. पुढच्या खेळात तो पहिल्या दिवसापासून असू द्या, आणि वेगवेगळ्या कन्सोलवरची माणसं एकमेकांशी खेळू शकतील असंही बघा. माझ्याकडे एक मशीन आहे, त्याच्याकडे दुसरं, मालेगावच्या त्या पोराकडे, तो आता दोन मुलांचा बाप आहे, तिसरंच. त्याचा मागचा घेर अजून तसाच साफ बसतो.

वैशाखात आमच्याकडे सखाराम महाराजांची यात्रा असते, बोरीच्या पात्रात. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर राहण्याची सोय माझ्या घरी. आई खापरावरचे मांडे करील, आणि जवळपास कुठे दंगल भरली असेल तर जोड कशी लावतात ते मी स्वतः शेजारी बसून दाखवीन.

आपला,
लोरीवाला, अमळनेर